इंदायचे इंग्रजी आणि मालकिणीचे मौन

२००७ साली फिलिपिन्समधल्या मोबाईल फोनांवर एक मोलकरीण अवतरली. तिचे नाव इंदाय. मनिलातल्या एका सुखवस्तू घरात ती केरवारा करते, धुणीभांडी करते, पोरे सांभाळते, आणि मालकिणीने कशाचाही जाब विचारला की असे भरजरी इंग्रजी बोलते की विचारणारीची वाचाच बसते. एका प्रसिद्ध किश्श्यात मुलाच्या डोक्याला टेंगूळ आलेले असते. काय झाले, असे मालकीण विचारते. ‘सिंकवर आपटला’ एवढे दोन शब्द पुरले असते. इंदायच्या उत्तराचा थाट मराठीत आणायचा तर तो साधारण असा होईल: ‘निरुपयोगी सौंदर्यदृष्टीपायी सुरक्षिततेशी तडजोड करून पाकगृहातील प्रक्षालनपात्राची जी सदोष वास्तुरचना करण्यात आलेली आहे, तिच्या आघाताने बालकाच्या कर्णेंद्रियानजीकच्या कपालप्रदेशी किंचित शोथ उद्भवला आहे.’

हे किस्से कुणी रचले ते कुणालाच ठाऊक नाही. एका पेसोत एक संदेश जाई अशा त्या काळात फिलिपिनो माणसाचा अंगठा सतत चाललेला असे. २००१ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष एस्त्रादा यांच्याविरुद्धची गर्दी रस्त्यावर आणण्यात याच संदेशांचा मोठा वाटा होता. त्याच वाटेने इंदाय फोनाफोनांतून फिरली, पुढे इंटरनेटवर पोचली, आणि तिच्या शिष्ट इंग्रजीत स्वतःची भर घालण्याचा छंद देशाला लागला. विनोद म्हणून हे सारे मजेचे आहेच. पण घरकाम करणाऱ्या बाईविषयीची रूढ समजूत अशा विनोदाने हलते का, आणि हलली तर कुठवर, हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. मराठी वाचकालाही तो परका नाही, कारण सिंगापूर, हाँगकाँग आणि दुबईतल्या कितीतरी मराठी घरांत आज फिलिपिनो बाई कामाला आहे.

आधी साचा काय होता ते पाहू. मनिलातल्या श्रीमंत आणि मध्यमवर्गीय घरांत कामाला येणाऱ्या मुलींपैकी पुष्कळशा व्हिसाया बेटांवरून येतात. ‘इंदाय’ हे तिकडचे मुलीला किंवा बाईला मायेने, मानाने हाक मारण्याचे संबोधन. मनिलात ते मोलकरणीचे सरसकट नाव होऊन बसले. मुंबईतल्या शेटजींनी कोकणातून आलेल्या प्रत्येक घरगड्याचा ‘रामा’ केला, त्याच जातीचा हा प्रकार. (दक्षिणेकडच्या दावाओमधून आलेल्या उपराष्ट्राध्यक्ष सारा दुतेर्ते यांना त्यांचे समर्थक ‘इंदाय सारा’ म्हणतात तेव्हा मात्र त्यात कुणाला मोलकरीण दिसत नाही.) चित्रपटांत आणि दूरचित्रवाणीवर ही इंदाय वर्षानुवर्षे ठराविक रूपात दिसत आली. तिचे ‘इ’ आणि ‘ए’ एकमेकांत मिसळतात, ‘उ’चा ‘ओ’ होतो, ती भोळी आणि धांदरट असते, तिच्या हातून बशी फुटते, निरोप चुकतो आणि प्रेक्षक हसतात. त्या हसण्याचा मुद्दा एवढाच असतो की तिला बोलता येत नाही.

२००७ च्या इंदायला नेमके बोलताच येते, आणि तेही इंग्रजीत. ही निवड करण्यामागचा अर्थ कळायला फिलिपिन्समधले इंग्रजीचे स्थान ध्यानात घ्यावे लागते. अमेरिकेने हा देश स्पेनकडून घेतला आणि १९०१ मध्ये ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून शेकडो अमेरिकी शिक्षक तिथे उतरवले. तेव्हापासून न्यायालय, महाविद्यालय आणि बड्या कचेऱ्या इंग्रजीत चालतात. १९८७ च्या राज्यघटनेनेही फिलिपिनोच्या बरोबरीने इंग्रजीला राजभाषेचा दर्जा ठेवला. मनिलातल्या वरच्या वर्गाच्या घरांत मुलांशी इंग्रजीतून आणि बाईशी, ड्रायव्हरशी टागालोग या स्थानिक भाषेतून बोलण्याची रीत आहे. एकाच छताखाली भाषेची ही अदृश्य भिंत उभी असते. इंदाय ती ओलांडते एवढेच नव्हे, तर भिंतीपलीकडे जाऊन मालकिणीपेक्षा वरचढ ठरते. किश्श्यातली मालकीण इंग्रजीवर पोसलेल्या वर्गातली, पण तिचे स्वतःचे इंग्रजी बेताचेच. जिच्या जोरावर आपण मालक आहोत ती गोष्ट आपल्यापाशी पुरेशी नाही, ही तिची जुनी धास्ती इंदाय एका वाक्यात उघड्यावर आणते.

विनोदाने साचा मोडला की घट्ट केला हे ठरवायला मला एक साधी कसोटी पुरेशी वाटते: शेवटी निरुत्तर कोण झाले? या कसोटीवर इंदायचे किस्से उतरतात. इंदायविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप मात्र टाळून चालणार नाही. मोलकरणीने विद्वत्तापूर्ण इंग्रजी बोलणे मुळातच अशक्य आहे असे मानले तरच हा विनोद चालतो. म्हणजे तो साचा गृहीत धरतो आणि हसणारा प्रत्येक जण त्या गृहीताला मान डोलावतो, असे हे म्हणणे आहे. ते खरे आहे. पण साच्यावरचा कोणताही विनोद साचा हातात घेतल्याशिवाय होत नाही. हसून झाल्यावर हातात काय उरते ते पाहावे. इथे उरते ती एक शंका, की ही बाई खरोखर कोण आहे?

आणि त्या शंकेला वास्तवात भरपूर आधार होता. १९७० च्या दशकापासून हाँगकाँगला घरकामासाठी जाऊ लागलेल्या फिलिपिनो स्त्रियांमध्ये शाळाशिक्षिका होत्या, सुइणी होत्या, पदवी घेतलेल्या मुली होत्या. गावच्या शाळेतल्या पगारापेक्षा दुसऱ्याच्या घरची भांडी घासून जास्त पैसे घरी पाठवता येत होते, हे त्यामागचे रोकडे गणित. वर्गात इंग्रजीचे व्याकरण शिकवलेली बाई कौलूनमधल्या एखाद्या सदनिकेत मालकाच्या मुलाचा गृहपाठ घेते आणि त्यानंतर ओटा पुसते, हे दृश्य त्या शहराला नवे नाही. ज्याला आपण अतिशयोक्ती म्हणून हसलो, तिचा बराचसा भाग वस्तुस्थितीच होती. राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो यांनी १९८८ मध्ये हाँगकाँगमध्ये याच स्त्रियांसमोर त्यांना देशाचे नवे वीर म्हटले, आणि तेव्हापासून प्रत्येक सरकार हे बिरुद वापरत आले. पदवीधर बाईला देशात काम का मिळत नाही, हा प्रश्न त्या बिरुदाखाली छान झाकून ठेवता येतो.

सरकारी कल्पकतेचा कळस २००६ मध्ये झाला. लेबनॉनमध्ये युद्ध पेटले, तिथे घरकामाला असलेल्या फिलिपिनो स्त्रियांना मायदेशी आणावे लागले, आणि ग्लोरिया अरोयो यांच्या सरकारने परतलेल्यांना प्रशिक्षण देऊन ‘सुपरमेड’ बनवण्याची योजना काढली. प्रथमोपचार येणारी, उंच इमारतीला आग लागली तर घरच्यांना बाहेर काढू शकणारी मोलकरीण, असे तिचे वर्णन होते. त्याच सुमारास परदेशी घरकामाला जाणाऱ्यांसाठी महिना किमान ४०० अमेरिकी डॉलर वेतनाची आणि प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राची अट आली. वेतनाची अट रास्त होती, हे सांगितले पाहिजे. पण ‘सुपरमेड’ या कल्पनेत बाईची किंमत मालकाला तिचा किती जास्त उपयोग होतो यावरूनच ठरत होती. जेमतेम वर्षभराने इंदाय आली आणि तिने सरकारी जाहिरातीचे हवे तेवढे गुण अंगी बाणवून ते सगळे मालकाला काडीचाही उपयोग होणार नाही अशा कामी लावले. दोन्ही गोष्टींचा प्रत्यक्ष संबंध होता असे मी म्हणणार नाही. पण सरकारपेक्षा विनोदाला त्या बाईची जास्त जाण होती असे मला वाटते.

आता हेच साधन उलट्या हाती गेले की काय होते त्याचेही उदाहरण आहे. मार्च २००९ मध्ये हाँगकाँगमधले स्तंभलेखक चिप त्साओ यांनी एका इंग्रजी साप्ताहिकात उपरोधिक लेख लिहिला. दक्षिण चीन समुद्रातल्या स्प्रॅटली बेटांवर फिलिपिन्सने हक्क सांगितला म्हणून ते आपल्या घरच्या फिलिपिनो मदतनीस लुइसाला बोलावून घेतात, भिंतीवर नकाशा टांगतात आणि तिला खडसावतात की पुढच्या वर्षी पगारवाढ हवी असेल तर रविवारी स्टॅच्यू स्क्वेअरमध्ये जमणाऱ्या सगळ्या देशभगिनींना सांग, ही बेटे चीनची आहेत. फिलिपिन्सला त्यांनी नोकरांचे राष्ट्र म्हटले. गदारोळ उठला, फिलिपिन्सच्या इमिग्रेशन खात्याने त्यांचे नाव काळ्या यादीत घातले, आणि लेखकाला व साप्ताहिकाला माफी मागावी लागली. चिनी राष्ट्रवादाचीच खिल्ली उडवण्याचा हेतू होता, हा बचाव क्षणभर मान्य करू. पण लेखातली ही लुइसा कोण आहे? ती आंतरराष्ट्रीय राजकारणाची मनिलातून घेतलेली पदवी बाळगणारी बाई आहे. म्हणजे शिकलेली मोलकरीण ही इंदायचीच युक्ती इथे वापरली आहे, आणि तरी संपूर्ण लेखात ज्या विषयात तिने पदवी घेतली त्याच विषयावर व्याख्यान ऐकत ती उभी राहते. तिच्या तोंडी एक नेमके वाक्य घातले असते तर लेखाचा उपरोध खरोखर राष्ट्रवाद्यावर उलटला असता. ते लेखकाला सुचले नाही, आणि नेमके ते न सुचण्यातच त्याचा पूर्वग्रह दिसतो.

त्याच्या आदल्याच वर्षी बीबीसीच्या एका विनोदी कार्यक्रमात शेजाऱ्याच्या फिलिपिनो मोलकरणीला केवळ देह म्हणून वापरणारे प्रहसन दाखवले गेले होते, आणि फिलिपिन्स सरकारने ब्रिटनकडे अधिकृत निषेध नोंदवला होता. २०२२ मध्ये हाँगकाँगच्या टीव्हीबी वाहिनीवरील एका मालिकेत स्थानिक अभिनेत्रीने चेहरा सावळा रंगवून, उच्चारांची नक्कल करत फिलिपिनो मदतनीस साकारली. टीकेनंतर तो भाग ऑनलाइन मंचावरून काढून टाकावा लागला. या प्रत्येक वेळी मनिला संतापून उठले आणि ते योग्यच होते. पण त्याच मनिलातल्या वाहिन्या व्हिसायी मोलकरणीच्या उच्चारांवर दशकानुदशके पोट धरून हसवत आल्या, त्याविरुद्ध असा राष्ट्रीय संताप कधी दिसला नाही. परक्याने केला तर अपमान आणि घरच्याने केला तर करमणूक, हा हिशेब आपल्याकडेही चांगलाच परिचयाचा आहे.

इंदायनंतर आठ वर्षांनी फिलिपिन्सने एक दुसरीच मोलकरीण डोक्यावर घेतली. ‘ईट बुलागा’ या दुपारच्या जुन्या लोकप्रिय कार्यक्रमात जुलै २०१५ मध्ये ‘याया डब’ हे पात्र आले. याया म्हणजे मुले किंवा म्हातारी माणसे सांभाळणारी बाई. हे काम करणारी माइन मेंडोझा त्याआधी दूरचित्रवाणी तारका क्रिस अकिनोंच्या बोलण्यावर ओठ हलवून केलेल्या नकलांच्या छोट्या चित्रफितींमुळे गाजली होती. पुरुष विनोदी नटाने रंगवलेल्या खाष्ट आजीबाईची ही याया, आणि स्टुडिओतला देखणा नट आल्डन रिचर्ड्स. पडदा दोन भागांत विभागलेला, दोघे प्रत्यक्ष भेटत नाहीत, एकमेकांना फलक लिहून दाखवतात. देश अक्षरशः वेडा झाला. २४ ऑक्टोबर २०१५ रोजी फिलिपिन अरीनामध्ये ती दोघे भेटली तेव्हा त्या दिवसाच्या हॅशटॅगवर ४ कोटी १० लाखांहून अधिक ट्वीट पडले. मोलकरणीच्या भूमिकेतली मुलगी राष्ट्राची नायिका झाली, भर दुपारी घराघरांत मालकीण आणि मोलकरीण एकाच पडद्यासमोर बसून तिच्यासाठी जीव टाकू लागल्या, ही किरकोळ घटना नव्हे.

तरीही माझ्या कसोटीवर याया डब इंदायच्या मागे राहते. एक तर ही याया मुळात चांगल्या घरातली, महाविद्यालयात शिकलेली मुलगी आहे हे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होते. मोलकरणीचा वेश तिच्या अंगावर कौतुकास्पद वाटे, कारण तो उतरवता येणारा होता. दुसरे अधिक महत्त्वाचे. देशातली सर्वांत लोकप्रिय याया सुरुवातीच्या दिवसांत स्वतः बोलतच नव्हती. गाण्यांच्या, चित्रपटांच्या ध्वनिफितींवर ती ओठ हलवत होती. पात्राची सगळी मौज त्यातच होती हे मान्य, आणि माइन मेंडोझाच्या चेहऱ्याइतका बोलका चेहरा क्वचितच पाहायला मिळतो. पण निरुत्तर कोण, असे विचारले तर उत्तर काय द्यायचे? प्रेक्षकांनी तिच्यावर प्रेम केले, आणि त्या प्रेमात मालकिणीला अस्वस्थ करणारे काहीही नव्हते. ‘आमची बाई अगदी घरच्यासारखी आहे’ असे म्हणणाऱ्या घरांतून तिच्या सुट्टीचा विषय निघाला की आवाज कसा बदलतो, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

इंदायचीही मर्यादा इथेच आहे. तिला अगाध इंग्रजी येते, पण फिरलेल्या बहुतेक किश्श्यांत ती पगार मागत नाही. तिला घडवणारे बहुधा कचेऱ्यांत बसलेले, स्वतःच्या इंग्रजीवर पोट भरणारे तरुण होते. त्यांना साहेबाच्या भाषेची जिरवायची होती आणि त्यासाठी मोलकरणीचे तोंड सोयीचे होते. देशांतर्गत घरकामगारांना लेखी करार, रोजची आठ तासांची विश्रांती, आठवड्याची सुट्टी, तेराव्या महिन्याचे वेतन आणि सामाजिक विमा यांचा हक्क मिळाला तो जानेवारी २०१३ च्या कायद्याने. त्यामागे संघटनांची वर्षानुवर्षांची खटपट होती. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. उरुग्वेपाठोपाठ फिलिपिन्सने त्याला मान्यता दिल्यामुळेच तो जगात अमलात आला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, मान्यता अजून दिलेली नाही. आणि कायदा झाल्यानंतरही २०१९ च्या सरकारी पाहणीत मोजल्या गेलेल्या सुमारे १४ लाख फिलिपिनो घरकामगारांपैकी बहुसंख्य जण सामाजिक सुरक्षेच्या बाहेरच होते. विनोद हे करू शकत नाही आणि त्याच्याकडून ती अपेक्षा करणेही चूक. पण कायदा वाचून मालकाच्या मनातली बाई बदलत नाही, हेही तितकेच खरे, आणि त्या मनापर्यंत जाण्याची वाट विनोदाला ठाऊक असते.

म्हणूनच मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती तिसरी अवस्था, जिथे बाई स्वतःच विनोदाची कर्ती झाली. रविवारी हाँगकाँगच्या सेंट्रल भागात जावे. चेटर रोडवर, स्टॅच्यू स्क्वेअरमध्ये, एचएसबीसी बँकेच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत खोकी उलगडून केलेल्या पुठ्ठ्याच्या बैठकींवर शेकडो स्त्रिया बसलेल्या असतात. डब्यांतून पानसित, म्हणजे फिलिपिनो नूडल्स, निघतात, कुणी कुणाचे केस कापते, कुणी गावाकडे पाठवायचा खोका बांधते, आणि चार जणी फोन टेकवून ठेवून नाचाचा किंवा नकलेचा व्हिडिओ काढतात. या व्हिडिओंत मालकीण असते, पण तिची भूमिका मोलकरीण करते. ‘यस मॅम’ म्हणताना चेहऱ्यावर एक भाव, पाठ फिरल्यावर दुसरा. फ्रीजमधल्या कोणत्या डब्याला हात लावायचा नाही याच्या सूचना. सोफ्यावर बोट फिरवून धूळ पाहण्याची लकब. विनोदाचा कच्चा माल तिच्या दिवसातूनच आलेला असतो, त्यामुळे तो नेमका लागतो. मुंबईत घरकाम करत स्टँड-अप विनोद करू लागलेल्या दीपिका म्हात्रे यांनी आपल्या मॅडमांच्या घरातल्या वेगळ्या भांड्यांवर केलेली टिप्पणी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ही धार ओळखीची वाटेल. इंदायच्या इंग्रजीला हसणाऱ्या मालकिणीला ‘ही काही आमची बाई नव्हे’ असे म्हणून सुटता येत होते. इथे तो सोफा आपलाच आहे की काय, अशी शंका येते.

याची किंमत मात्र बाईलाच मोजावी लागते. २०२० च्या एप्रिलमध्ये तैवानमध्ये काम करणाऱ्या एका फिलिपिनो काळजीवाहू स्त्रीने फेसबुकवर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रोद्रिगो दुतेर्ते (सारा यांचे वडील) यांच्यावर टीका केली, तर तिला परत पाठवावे म्हणून तिच्याच देशाच्या कामगार खात्याचे अधिकारी सरसावले. तैवानने नकार दिला म्हणून ती वाचली. हाँगकाँगमध्ये साडेतीन लाखांच्या आसपास परदेशी घरकामगार आहेत आणि त्यांत निम्म्याहून अधिक फिलिपिनो आहेत. तिथला सर्वसाधारण किमान वेतनाचा कायदा मालकाकडे राहून काम करणाऱ्यांना लागू नाही. त्यांच्यासाठी वेगळे ठरवलेले मासिक किमान वेतन सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस ४,९९० हाँगकाँग डॉलर झाले. त्यांना मालकाच्याच घरी राहावे लागते, म्हणजे व्हिडिओ काढायला स्वतःची अशी भिंतही नाही. आणि नोकरी सुटली की १९८७ पासून लागू असलेल्या नियमानुसार सर्वसाधारणपणे दोन आठवड्यांत शहर सोडावे लागते. मालकिणीची नक्कल तिच्या नजरेस पडली आणि ती दुखावली गेली, तर त्या हशाची किंमत म्हणजे गावाकडचे कर्ज, मुलाची फी आणि परतीचे विमान.

संयुक्त राष्ट्रांच्या समित्यांनी हा दोन आठवड्यांचा नियम काढून टाकण्याची शिफारस हाँगकाँगला वारंवार केली आहे, आणि तिथल्या सरकारने तो नोकऱ्या बदलण्याचा गैरफायदा टाळण्यासाठी आवश्यक असल्याचे सांगत कायम ठेवला आहे. फिलिपिनो मोलकरणीच्या विनोदाला दाद देणाऱ्यांनी, आणि त्यांत तिथली मराठी मालक मंडळीही आली, या मागणीच्या बाजूने उभे राहायला हवे. तोवर आपल्या घरातल्या बाईने आपली नक्कल केलेला व्हिडिओ फिरत फिरत आपल्याच फोनवर आला, तर तो पाहून हसावे, जमल्यास त्यात दाखवलेली खोड सोडावी, आणि सोमवारी तिला काहीही विचारू नये.